पाठाखालचे स्वाध्याय मुलांना लिहायला शिकवतात का?

कर्नाटकातल्या शाळांत किती भाषा शिकवाव्यात, यावर पुन्हा खल चालू आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला आणि दोन भाषांच्या सूत्राची शिफारस केली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत साहजिकच विचारणा सुरू झाली: तिसऱ्या भाषेचं काय होणार, कन्नड किती, मराठी किती. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण भाषेचा तास असला की त्या तासात लेखनाचं नेमकं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी पहिली भाषा म्हणून शिकलेली मुलगी बस आगाराला दहा ओळींचा अर्ज लिहायला बसते आणि पहिल्या ओळीनंतर थांबते. तिला मराठी येते, शुद्धलेखनही बरं आहे. मग अडतं कुठे?

त्याचं बरंचसं उत्तर पाठ्यपुस्तकात आहे आणि तेही धड्यांत कमी, धड्यांखालच्या स्वाध्यायांत जास्त.

आधी परीक्षेचा हिशेब

कर्नाटकात दहावीला म्हणजे एसएसएलसीला पहिल्या भाषेचे गुण १२५ असतात: १०० लेखी, २५ अंतर्गत. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेला प्रत्येकी १००, त्यात ८० लेखी आणि २० अंतर्गत. म्हणजे एकूण ६२५ गुणांपैकी ३२५ गुण भाषांचे. मराठी माध्यमाचं मूल हे गुण मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, तीन लिप्यांत मिळवतं. निम्म्याहून जास्त निकाल ज्या गोष्टीवर उभा आहे, ती गोष्ट म्हणजे कागदावर लिहिणं. गणित-विज्ञानातही शेवटी लिहावंच लागतं, तो भाग वेगळाच.

इथली मराठीची पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ काढतो. सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या मुलांच्या हातात बालभारतीचं 'कुमारभारती' असतं. तिथल्या दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण 'उपयोजित लेखन' या स्वतंत्र विभागाला आहेत: पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. तिथे सगळं आलबेल आहे असं नव्हे, त्याबद्दल पुढे बोलू. पण लेखनाला स्वतंत्र विभाग देणं आणि लेखन धड्याच्या प्रश्नोत्तरांत विरघळवून टाकणं, या दोन वेगळ्या भूमिका आहेत.

लेखनदृष्टी म्हणजे काय?

लेखन म्हणजे काय, ते कसं शिकलं जातं आणि चांगलं लेखन कोणतं, याबद्दल पुस्तक तयार करणाऱ्यांच्या मनात एक समजूत असते. या लेखापुरतं तिला आपण 'लेखनदृष्टी' म्हणू. प्रस्तावनेत ती सापडेलच असं नाही, कारण प्रस्तावनेत अभिव्यक्ती, सर्जनशीलता, जीवनकौशल्यं असे सगळे चांगले शब्द असतात. खरी लेखनदृष्टी कळते ती स्वाध्यायातल्या क्रियापदांवरून. 'एका वाक्यात उत्तर लिहा', 'शुद्ध करून लिहा', 'कल्पना करून लिहा', 'तुमच्या गावातल्या लोकांना विचारून लिहा' या चार सूचना मुलाकडून चार वेगळी कामं करून घेतात.

लँकेस्टर विद्यापीठातल्या भाषाभ्यासक रोझ इव्हानिच यांनी २००४ मध्ये अशा सहा दृष्टी वेगळ्या करून दाखवल्या. त्यांचा अभ्यास इंग्रजीच्या शिक्षणावरचा आहे, पण चौकट आपल्याकडे चपखल बसते. सोपं जावं म्हणून एकच विषय घेऊ: खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या थांब्यावर सकाळची शाळेची बस भरून येते आणि न थांबता पुढे जाते.

पहिली दृष्टी कौशल्याची. लेखन म्हणजे अचूक लिहिणं. स्वाध्याय असेल: 'बस थांब्यावर थांबलि नाहि, हे वाक्य शुद्ध करून लिहा.' दुसरी सर्जनाची. लेखन म्हणजे मनातलं, कल्पनेतलं उतरवणं. स्वाध्याय: 'मी एसटी बोलतेय' हे आत्मकथन. तिसरी प्रक्रियेची. लेखन म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारं काम: आधी बोलणं, मग टिपणं, कच्चा खर्डा, त्यावर कुणाचं तरी मत, मग पक्का खर्डा. चौथी लेखनप्रकाराची. अर्ज, बातमी, निवेदन, सूचनाफलक यांची प्रत्येकाची रचना वेगळी आणि ती रचना उघडपणे शिकवायची. पाचवी सामाजिक व्यवहाराची. लेखन खऱ्या प्रसंगात, खऱ्या वाचकासाठी घडतं. अर्ज खरोखर आगारप्रमुखांकडे जातो. सहावी अधिकाराची. अर्ज कुठल्या भाषेत दिला तर घेतला जातो, कुणाच्या सहीला वजन असतं, कुणाचं म्हणणं कागदावर येतच नाही, हे मुलांना समजावं अशी ही दृष्टी.

यांतली एक बरोबर आणि बाकीच्या चूक असं इव्हानिच म्हणत नाहीत. सहाही लागतात. पुस्तक एकाच बाजूला कललं की बिघडतं.

यादीत नसलेली सातवी

आपल्या भागातल्या कुठल्याही भाषेचं माध्यमिक पुस्तक उघडा. शब्दार्थ, रिकाम्या जागा, जोड्या जुळवा, एका वाक्यात, दोन-तीन वाक्यांत, संदर्भासह स्पष्टीकरण, कवितेच्या ओळी पूर्ण करा. यात हात लिहितो खरा, पण मजकूर धड्यात आधीच तयार असतो. मुलाने तो शोधायचा, आठवायचा आणि उतरवायचा. याला उजळणीची दृष्टी म्हणता येईल: धडा वाचला होता, याचा पुरावा म्हणजे लेखन.

हे दुखणं फक्त आपलं नाही. ब्रिटनमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांची दोन हजारांहून जास्त लेखनं तपासली आणि १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतली जवळपास निम्मी लेखनं एकाच वाचकासाठी होती: गुण देणारा शिक्षक. अमेरिकेत आर्थर ॲपलबी यांनी १९८१ मध्ये दाखवलं की माध्यमिक वर्गात एक परिच्छेद किंवा त्याहून मोठं लिहिण्यावर तासिकेचा फक्त ३ टक्के वेळ जातो. विषय सांगून झाल्यापासून मुलं लिहायला लागेपर्यंत सरासरी तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो, हेही त्यांनी नोंदवलं. 'शाळेची सहल या विषयावर निबंध लिहा' असं फळ्यावर लिहून झालं की आपल्याकडेही साधारण तेवढाच वेळ मिळतो.

उजळणीचं लेखन निरुपयोगी नाही. वाचलेलं पक्कं होतं, शब्द डोळ्यांखालून जातात, हळू मुलालाही गुण मिळतात. फक्त त्यातून मजकूर कसा उभा करायचा हे शिकता येत नाही. आधी काय सांगायचं, वाचकाला काय ठाऊक आहे, कुठलं वाक्य गाळायचं, हे निर्णय मुलाला कधी घ्यावेच लागत नाहीत. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावरचं तयार लुगडं कितीही निरखलं तरी ताणा कसा लावला, तुटलेला धागा कुठे जोडला, हे कळत नाही. ते मागाशेजारी बसूनच कळतं. पुस्तकात आदर्श पत्र छापलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्याने कुठली तीन वाक्यं खोडली ते छापलेलं नसतं.

तुमच्या पुस्तकाचा कल कसा मोजाल?

शिक्षक किंवा पालक, कुणालाही तासाभरात करता येईल असं हे काम आहे. आठवी, नववी किंवा दहावीचं पुस्तक घ्या. कुठलेही पाच धडे निवडा, तीन गद्य आणि दोन पद्य. प्रत्येकाखालच्या लेखी स्वाध्यायांना अनुक्रमांक द्या आणि प्रत्येक स्वाध्यायाला चार प्रश्न विचारा.

मजकूर कुठून येणार: धड्यातून, की मुलाच्या पाहण्या-विचारण्यातून? वाचक कोण: शिक्षक सोडून दुसरं कुणी आहे का? हेतू काय: हे वाचून कुणी काही करणार आहे का, की फक्त गुण मिळणार? आणि पुन्हा लिहिण्याची सूचना आहे का?

शेवटच्या प्रश्नापाशी जरा थांबा. 'सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहा' ही पुनर्लेखनाची सूचना नाही, ती नक्कल आहे. पुनर्लेखनात मजकूर बदलतो.

चारही उत्तरं एका कागदावर रकाने पाडून लिहा. पहिल्या रकान्यात 'धड्यातून' हेच पुन्हा पुन्हा येत असेल आणि चौथा रकाना रिकामा असेल, तर पुस्तक उजळणीकडे झुकलेलं आहे. हीच मोजणी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेवर करा. फक्त तिथे स्वाध्यायांच्या संख्येऐवजी गुण मोजा. पुस्तक आणि प्रश्नपत्रिका यांचा कल जुळतो की नाही, हे पाहणं सगळ्यात उपयोगी. पुस्तकात चांगले उपक्रम असतात आणि प्रश्नपत्रिकेत त्यांना जागा नसते, तेव्हा वर्गात ते उपक्रम 'घरी करून आणा' या शेऱ्यात संपतात.

पत्राचा सांगाडा आणि सीमाभागातलं मूल

लेखनप्रकार शिकवताना सगळ्यात जास्त घोळ पत्राचा होतो, आणि आपल्याकडे तर तो दुप्पट. महाराष्ट्राच्या नव्या धाटणीत औपचारिक पत्र डाव्या कडेने चालतं: दिनांक, प्रति, विषय, महोदय, मजकूर आणि लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता शेवटी. कन्नड अर्जात लिहिणारा आधी येतो: 'इवरिंद' म्हणजे यांच्याकडून, मग 'इवरिगे' म्हणजे यांना, मग 'मान्यरे', विषय, मजकूर, शेवटी स्थळ-दिनांक आणि सही. एकच मूल सकाळच्या तासाला एक रचना शिकतं आणि दुपारच्या तासाला दुसरी. दोन्ही शिक्षक आपापल्या वहीत मांडणीचे गुण कापतात. दोन रचना शेजारी-शेजारी ठेवून 'इथे असं, तिथे तसं' हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मराठी आणि कन्नडच्या शिक्षकांनी वर्षातून एक जोडतास घेऊन हे एका फळ्यावर दाखवलं, तर मुलांचा अर्धा गोंधळ त्या दिवशी संपेल.

सांगाडा कळला म्हणजे अर्ज आला असं मात्र नाही. गुणदानात दिनांक, पत्ता, विषय यांना सहज गुण मिळतात म्हणून वर्गाचा सगळा जोर तिथेच जातो आणि मजकुरात 'आमच्या गावात बसची फार गैरसोय होते, तरी लवकरात लवकर दखल घ्यावी' एवढं एकच पोकळ वाक्य उरतं. महाराष्ट्राच्या उपयोजित लेखनालाही हाच धोका आहे: जाहिरात म्हटलं की चौकट आणि यमक, बातमी म्हटलं की 'आमच्या वार्ताहराकडून'. प्रकार शिकवायचा होता, साचा हातात आला.

अर्जाच्या मजकुरात काय लागतं ते नीट पाहू. कुठला थांबा, कुठली बस, किती वाजताची. अडचण कधीपासून आणि आठवड्यातून किती वेळा. किती मुलं थांबतात, त्यांतली किती पासधारक. परिणाम काय झाला: पहिला तास बुडतो, की दोन-चार किलोमीटर चालावं लागतं. आणि मागणी काय, तीही पूर्ण करता येण्यासारखी: जादा गाडी, की हीच गाडी वीस मिनिटं आधी, की निदान थांब्यावर थांबण्याची वाहक-चालकाला सूचना. ११ जून २०२३ पासून राज्यात 'शक्ती' योजनेखाली महिलांना सरकारी साध्या बसने मोफत प्रवास आहे. गर्दीबद्दल लिहिताना प्रवासी महिलांवर ठपका येणार नाही आणि मागणी जादा गाड्यांचीच राहील, अशी वाक्यरचना करणं हाही लेखनाचाच धडा आहे, आणि चांगला अवघड धडा आहे.

अर्ज खरोखर पाठवायचा असेल तर आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, ज्या कुठल्याही आदर्श पत्रात नसतात. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यायचा. आणि अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असेल तर मराठी खर्डा आधी पक्का करून मग कन्नड करायचा. उलट केलं तर मुलं येणाऱ्या कन्नड शब्दांपुरतंच म्हणणं कापून टाकतात. पाचवी आणि सहावी दृष्टी वर्गात येते ती अशी, भाषणातून येत नाही.

तीन तासांत एक लेखन: वर्गात कसं बसवायचं

तास चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा धरू. विषय आपल्या भागातलाच घ्यावा. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यांतल्या एका सत्राची बातमी हा आठवी-नववीसाठी उत्तम विषय, कारण मजकूर गाईडमध्ये मिळत नाही, जाऊन ऐकावाच लागतो.

पहिल्या तासात दहा मिनिटं वर्तमानपत्रातली एखादी छोटी बातमी वाचायची आणि मुलांनाच विचारायचं: पहिल्या वाक्यात काय काय आलं? कोण, काय, कुठे, कधी हे चार धागे बहुतेक पहिल्या दोन वाक्यांतच असतात. मग पंधरा मिनिटं जोडीने बोलणं: सत्रात काय घडलं. बोलल्याशिवाय टिपणं काढायला लावू नये; टिपणं कोरडी येतात. उरलेल्या वेळात वाक्यं न करता फक्त टिपणं, आठ ते दहा.

दुसऱ्या तासात कच्चा खर्डा. एक ओळ सोडून एक लिहायचं आणि खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची. रिकाम्या ओळी पुढच्या तासाला लागतात. ही सूचना बारीक आहे, पण ती दिली नाही तर मुलं पहिल्याच लेखनाला पक्कं समजून अक्षर वळवत बसतात.

तिसऱ्या तासात वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्याने फक्त दोन गोष्टी लिहायच्या: 'मला हे कळलं नाही' आणि 'मला याबद्दल आणखी हवं'. शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. 'छान लिहिलंय' हा शेरा चालणार नाही, हे आधीच सांगावं. मग वीस मिनिटांत लिहिणाऱ्याने किमान तीन बदल करायचे: एक वाक्य वाढवायचं, एक गाळायचं, एकाची जागा बदलायची. शुद्धलेखनाची तपासणी अगदी शेवटी, पक्का खर्डा उतरवण्याआधी.

बिघडतं ते तिसऱ्या तासात. वेळ कमी म्हणून अदलाबदल गाळली जाते, मग पक्का खर्डा म्हणजे कच्च्याची स्वच्छ प्रत होते आणि मुलांना वाटतं, हे सगळं एकच काम दोनदा करायला लावतात. वेळ नसेल तर पहिला तास आखडावा. तिसरा कापू नये.

'पण यात गुण कुठे आहेत?'

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. पहिल्या भाषेचे २५ अंतर्गत गुण एफए-१ ते एफए-४ या वर्षभरातल्या मूल्यमापनाशी जोडलेले असतात. त्यांत एखाद्या एफएला पाठांतराच्या प्रकल्पाऐवजी एक लेखन कच्च्या आणि पक्क्या खर्ड्यासकट घेता येतं. लेखी परीक्षेतही फायदा होतोच. ज्याने वर्षात आठ-दहा लेखनं टिपणांपासून उभी केली आहेत, तो निबंधाआधी दोन मिनिटं चार मुद्दे लिहितो आणि मग सुरुवात करतो. नाहीतर पहिल्या परिच्छेदातच सगळा विषय संपतो आणि उरलेल्या जागेत म्हणी भराव्या लागतात.

'चाळीस वह्या तपासायच्या कधी?'

खरी अडचण हीच आहे. एका वहीला पाच मिनिटं धरली तर चाळीस वह्यांना २०० मिनिटं, आणि असे चार-पाच वर्ग असतात. म्हणून सगळ्या वह्या सारख्या तपासू नयेत. दर वेळी दहा वह्या निवडून प्रत्येकी सहा मिनिटं सविस्तर, उरलेल्या तीस वह्या प्रत्येकी एक मिनिट आणि एकाच निकषावर: उदाहरणार्थ, 'मागणी स्पष्ट आहे का?' एकूण ९० मिनिटं. चार लेखनांत प्रत्येक मुलाची वही एकदा नीट पाहून होते.

आणि प्रत्येक चूक दुरुस्त करून देऊ नये. लाल शाईने भरलेलं पान मुलं वाचत नाहीत, वही मिटतात. समासात नुसती खूण करावी: ऱ्ह म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, वि म्हणजे विरामचिन्ह, अ म्हणजे अर्थ लागत नाही. चूक त्या ओळीत आहे एवढं कळलं की शोधायचं काम मुलाचं.

'मग शुद्धलेखन आणि व्याकरण सोडून द्यायचं?'

अजिबात नाही. फक्त व्याकरण वेगळं शिकवलं की लेखन आपोआप सुधारतं, ही समजूत तपासण्यासारखी आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-शिक्षणावरच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात परिणाम मोजायला 'प्रभावमान' वापरलं: ०.२ च्या आसपास म्हणजे थोडा फरक, ०.५ म्हणजे मध्यम, ०.८ म्हणजे मोठा. आखणी-खर्डा-सुधारणा यांच्या युक्त्या उघडपणे शिकवण्याचं प्रभावमान ०.८२ आलं, सारांश शिकवण्याचंही ०.८२, एकमेकांच्या मदतीने लिहिण्याचं ०.७५, छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याच्या सरावाचं ०.५०. सुटं व्याकरण शिकवण्याचं आलं उणे ०.३२. हे प्रयोग मुख्यतः इंग्रजीतले आहेत, मराठीला आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा मात्र विचार करायला लावणारी आहे.

वाक्यं जोडण्याचा सराव मराठीत सहज करता येतो. चार वाक्यं द्या: बस आली. बस भरलेली होती. वाहकाने दार उघडले नाही. आम्ही थांब्यावर राहिलो. यांचं एक वाक्य करा. कुणी लिहील, 'बस भरलेली असल्यामुळे वाहकाने दार उघडले नाही आणि आम्ही थांब्यावरच राहिलो.' कुणी लिहील, 'भरून आलेल्या बसचे दार वाहकाने उघडलेच नाही, त्यामुळे आम्ही थांब्यावर राहिलो.' दोन्ही फळ्यावर लिहून विचारा, अर्जात कुठलं शोभेल आणि का. कृदन्त, उभयान्वयी अव्यय, केवल-मिश्र-संयुक्त वाक्य हे सगळं इथेच शिकवून होतं आणि ते लक्षात राहतं.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम एकदम देऊ नयेत. मुलांच्या बहुतेक चुका तीन जागी होतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, वाळू; 'आणि' व 'नि' हे अपवाद. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व: किडा, विळी. आणि फूल-फुलाला, गरीब-गरिबाला ही सामान्यरूपं. तत्सम शब्दांना वेगळा न्याय आहे, तो नंतर. आपल्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: कन्नडमध्ये ऱ्हस्व-दीर्घ कानाला ऐकू येतो आणि त्याने अर्थ बदलतो, मराठीत बऱ्याचदा तो उच्चारावरून कळत नाही, शब्दातल्या जागेवरून ठरतो. कन्नड चांगलं असलेलं मूल मराठीतही कानावर विसंबून लिहितं आणि चुकतं. त्याला 'निष्काळजी' म्हणण्याआधी हे समजावून सांगावं.

'आमची बोलीच अशुद्ध, तिथे लेखन काय सुधारणार?'

बेळगावकडची बोली अशुद्ध नाही, वेगळी आहे. 'मी रोज चालत जाऊलालो' हे वाक्य टिपणात, कच्च्या खर्ड्यात आणि कथेतल्या संवादात तसंच राहू द्यावं. अर्जात त्याचं 'मला रोज चालत जावे लागते' करायचं. हे रूपांतर दुरुस्ती म्हणून न शिकवता वाचक बदलला म्हणून केलेला बदल म्हणून शिकवलं, तर मूल दोन्ही भाषारूपं हाताळायला शिकतं. पहिल्याच खर्ड्यात बोलीवर लाल रेघ पडली की पुढच्या वेळी ते गाईडमधली वाक्यं आणतं, आणि मग त्याचं स्वतःचं सांगणं कागदावर उतरतच नाही.

'पुढे सगळं इंग्रजीतच आहे, मराठी लेखनावर इतका वेळ कशाला?'

दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात, हे खरं. पण लेखनाचा जो भाग अवघड असतो तो भाषेपलीकडे जातो: मुद्दे निवडणं, क्रम लावणं, वाचकाला काय माहीत नाही ते ओळखणं, गाळणं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार हाच: एका भाषेत कमावलेली वाचन-लेखनाची समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, अट एवढीच की दुसऱ्या भाषेचा पुरेसा सराव मिळायला हवा. ही समज कमवायला, ज्या भाषेत मूल सगळ्यात मोकळेपणाने विचार करतं तिच्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही.

हे पडताळून पाहायचं असेल तर विज्ञानाच्या एका धड्याचा दहा ओळींत मराठी सारांश करायला सांगावा. अट दोन: पुस्तकातलं एकही वाक्य जसंच्या तसं यायचं नाही, आणि सातवीतल्या मुलाला वाचून कळलं पाहिजे. ज्याला हे जमतं, त्याला पुढच्या वर्षी इंग्रजीतला तोच धडा समजून घ्यायला फक्त शब्द लागतात. ज्याला जमत नाही, त्याच्या वहीत अडचण नेमक्या कुठल्या ओळीपासून सुरू झाली ते शिक्षकाला समोरच दिसतं, आणि पुढच्या तासाची सुरुवात तिथून करता येते.